अजून रनिंगमध्ये आहे

नवीन चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची साखळी-करवत, घेतल्यावर माणसाच्या दोनच इच्छा असतात. एक, ती पूर्ण ताकदीनं चालवावी. दुसरी, ती चालवताना चार लोकांनी पाहावं. पहिलीला पुस्तिकेत मनाई आहे. दुसरी नागपुरात न मागता पुरी होते.

पुस्तिका म्हणते, पहिल्या तीन टाक्या संपेपर्यंत लोड नसताना फुल ॲक्सिलरेटर द्यायचा नाही. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर अजून एकमेकांत नीट बसलेले नसतात, आणि चेन नुसती हवेत फिरवली की इंजिन मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांवर जातं. मग नुसतं मंद चालू ठेवावं का? तेही नाही. काम द्यायचं, पण बेतानं. दाबायचं नाही, तापवायचं नाही, कापून झाल्यावर लगेच बंद करायचं नाही, थोडा वेळ तसंच गुरगुरू द्यायचं. अधिक महिन्यात जावयाचेसुद्धा इतके लाड होत नाहीत. (निदान माझे झाले नाहीत, पण तो विषय मी सासरी काढत नाही.)

मशीन घेतली काटोलकडच्या बगीच्यातली वाळलेली संत्र्याची झाडं काढायला. पण संत्र्याचं लाकूड चिवट. पहिलाच घास तो नको म्हणून रनिंग, म्हणजे नव्या इंजिनाला सुरुवातीला असं जपून चालवणं, घरी, त्रिमूर्तीनगरात करायचं ठरवलं. आणि शेजारी काकाजी.

काकाजी लुना मोपेडच्या पिढीतले. त्यांच्या काळी नवी गाडी रनिंगमध्ये असली की चाळीसच्या वर न्यायची नाही, हा घरचा कायदा होता, आणि मागं बसलेल्या काकू मीटरवर नजर ठेवून असायच्या. तेव्हा या माणसाला माझं दुःख कळेल, असं वाटलं होतं. मी लिटरभर पेट्रोलमध्ये वीस मिली टू-स्ट्रोक ऑइल मोजून ओतत होतो. काकाजी म्हणाले, "वीसनं काय होते, बाबू? आम्ही लुनाले दुप्पट टाकत होतो." दुप्पट टाकलं असतं तर प्लग काळा झाला असता आणि कॉलनीत धुराची फवारणी करायला महापालिकेला यावं लागलं नसतं. "मग पाच लिटर बनवून ठेव एकदाच," हा दुसरा सल्ला. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून लागेल तेवढंच मिश्रण करायचं, हे मी समजावून सांगितलं. काकाजींनी सहानुभूतीनं मान हलवली. माझ्याबद्दलची सहानुभूती होती ती.

चेनला वेगळं तेल लागतं. ते संपलं तर जवसाचं घाला, घरचंच आहे, असं काकूंनी गेटवरून सुचवलं. जवसाचं तेल सुकून घट्ट होतं, म्हणून तर ते रंगात वापरतात. चेन पात्याला कायमची चिकटली असती.

खरी अडचण लाकडाची. समोर कडुनिंब आहे, पण शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते, आणि अर्जात कारण म्हणून 'मशीनचं रनिंग' लिहायची माझी हिंमत नव्हती. सुटका होळीनं केली. पोरांनी लाकडं गोळा केलीच होती. तुकडे करून द्यायचे, एवढंच. मी हेल्मेट, चष्मा, हातमोजे चढवून आलो, दोरी बांधून सगळ्यांना लांब उभं केलं. पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली तर मशीन उसळून अंगावर येते, हेही सांगितलं. त्यामुळे गर्दी वाढली.

"मी करतो ना चालू," म्हणत काकाजींचा नातू दोरीखालून आत आला. चोक पूर्ण ओढलेला. एकदा 'फट्' झालं, म्हणजे आता चोक सोडायचा, हे मी सांगेपर्यंत त्यानं व्यायामशाळेचं सगळं कर्ज मशीन चालू करायच्या दोरीवर फेडून टाकलं. प्लग पेट्रोलनं भिजला. काढा, पुसा, वाळवा.

मग चालू झाली, आणि मी अर्ध्या ॲक्सिलरेटरवर एक ओंडका कापला. नवी चेन लवकर सैल पडते, म्हणून बंद केली, गार होऊ दिली, हातानं ओढून पाहिली, आवळली.

"बिघडली का?" गर्दी.

पुन्हा कापलं, पुन्हा थांबलो.

"गॅरंटीत आहे ना?" गर्दी.

"अरे, फुल दे ना बाबू एकदा!" काकाजींना राहवेना. "आवाज तर ऐकू दे! इतके पैसे कायले टाकले मंग?" स्वतःच्या लुनाला चाळीसवर डोळ्यांत तेल घालून जपणारा हा माणूस. दुसऱ्याच्या इंजिनाबद्दल माणूस फार उदार असतो.

तेवढ्यात ठिणगी उडाली. पोरांनी ओंडक्यांच्या ढिगात जुन्या सागवानी चौकटीचा तुकडा दडपला होता आणि त्यात बोटाएवढा खिळा. चेनचे दात गेले. चौकट कुणाची, हे काकाजींनी काकूंकडे पाहिलं त्यावरून सगळ्यांना कळलं.

नवी चेन आणली. तिसरी टाकी संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी चहाला आले, मशीनवरून प्रेमानं हात फिरवला.

"झालं ना रनिंग, बाबू? मंग दे दोन दिवस. आमच्या बगीच्यातली सल, वाळलेल्या फांद्या, काढाची आहे."

"इंजिनाचं झालं, काकाजी," मी म्हणालो. "चेन नवी आहे. ती अजून रनिंगमध्ये आहे."