‘डेटाबेस बघून घेईल’ या सल्ल्याचा प्रतिवाद

मुंबईतल्या प्रोग्रामरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतो आहे: मेमरी स्वस्त झाली, तेव्हा डेटाबेसच्या तक्त्यातल्या कॉलमचा आकार, म्हणजे त्यात किती मोठी किंमत मावेल हे, ठरवण्यात वेळ घालवू नका, पूर्णांकाला बिगइंट (मोठ्या पूर्णांकाचा प्रकार), पैशांना डबल (दशांश किंमत द्विमान पद्धतीत ठेवणारा प्रकार) किंवा नुसते डेसिमल (दशांश अंक नेमके ठेवणारा प्रकार) आणि मजकुराला सरसकट २५५ लांबी द्या, बाकीचे डेटाबेस बघून घेईल. नवे लोक हे प्रमाण मानून कामाला लागतात, याची मला काळजी वाटते.

मेमरीचा मुद्दा मान्य आहे. चार बाइटांच्या इंटऐवजी आठ बाइटांचा बिगइंट घेतल्याने तक्त्यातल्या एक कोटी रोंमागे (ओळींमागे) चार कोटी बाइट वाढतात, आणि तेवढ्यासाठी वाद घालण्यात अर्थ नाही.

पैशांना डबल देणे मात्र सरळ चूक आहे. ०.१० ही किंमत द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमकी मांडताच येत नाही, त्यामुळे दहा पैसे दहा वेळा मिळवले की डबलमध्ये एक रुपया न येता ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते, आणि ‘रक्कम एक रुपया आहे का?’ या तपासणीचे उत्तर ‘नाही’ असे मिळते. डबलच्या निम्म्या जागेच्या, चार बाइटांच्या फ्लोटमध्ये तर १,६७,७७,२१७ रुपये साठवले की १,६७,७७,२१६ होतात. मुंबईत एखाद्या फ्लॅटच्या करारनाम्यात सहज दिसणारी ही रक्कम आहे.

नुसते डेसिमल लिहिले की एस्क्यूएल सर्व्हर हा डेटाबेस ते (१८,०), म्हणजे एकूण १८ अंक आणि दशांश चिन्हानंतर एकही नाही, असे समजतो आणि मायएस्क्यूएल हा दुसरा डेटाबेस (१०,०), म्हणजे दोन्हीकडे १२५.७५ चे १२६ होतात. पोस्टग्रेस या तिसऱ्या डेटाबेसमध्ये नुसते न्यूमरिक (डेसिमलचेच दुसरे नाव) लिहिले तर तीच रक्कम जशीच्या तशी राहते. म्हणून प्रिसिजन, म्हणजे एकूण अंक, आणि स्केल, म्हणजे त्यांपैकी दशांश चिन्हानंतरचे अंक, हे दोन्ही आपणच लिहायचे असतात. तेही सवयीने (१०,२) असे नव्हे: राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपया फ्यूचर्सचा (पुढच्या तारखेच्या व्यवहाराच्या कराराचा) भाव ०.००२५ रुपयाच्या टप्प्याने हलतो, आणि दोन दशांश स्थळांत हा टप्पा शून्य होतो. डावीकडचे अंकही मोजावे लागतात. नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजाराच्या काही यंत्रणांत भाव ३२ बिटांत, चार दशांश स्थळांसह ठेवला जात असे, त्यात ४,२९,४९६.७२९५ डॉलरच्या वर जागाच नव्हती, आणि मे २०२१ मध्ये बर्कशायर हॅथवे या अमेरिकी कंपनीचा ‘ए’ शेअर त्या मर्यादेच्या जवळ पोचल्यावर त्याचा भाव त्या यंत्रणांतून देणे थांबवावे लागले.

राहिला मजकूर. ‘चर्चगेट’ वाचताना चार अक्षरे दिसतात, पण युनिकोड या लिपिचिन्हांच्या प्रमाण यादीत ती सात चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत एकवीस बाइट. ओरॅकल या डेटाबेसमध्ये व्हारचार२ या मजकुराच्या प्रकाराची लांबी मूळ सेटिंगनुसार बाइटांत मोजली जाते, त्यामुळे २५५ मध्ये देवनागरीची फक्त ८५ चिन्हे मावतात आणि इमारत, गल्ली, उपनगर असा मराठीत लिहिलेला पूर्ण पत्ता नाकारला जाऊ शकतो. तिथे आकड्यापुढे CHAR हे एकक जोडून ‘255 CHAR’ असे लिहावे, म्हणजे मोजणी चिन्हांची होते.