टाके सुकले म्हणजे सुटलो असं नसतं

'आठवड्याभरात जखम कोरडी पडली की इन्फेक्शनची भीती संपली' हे छोट्या ऑपरेशननंतरच्या जखमेवरच्या लेखातलं वाक्य सरसकट खरं नाही हो. माझ्या मेव्हण्याच्या पाठीवरची चरबीची गाठ काढली, टाके काढले तेव्हा जखम एकदम मस्त, आणि महिनाभराने त्याच व्रणावर जांभळट फोड, दाबला की पातळ पू, पण ताप नाही, फारसं दुखणंही नाही. अँटिबायोटिकचे कोर्स झाले, पू तपासला तर रिपोर्ट 'नो ग्रोथ' (म्हणजे जंतू वाढलेच नाहीत), मग एक डॉक्टर टीबीच्या गोळ्या सुरू करायला निघाले! शेवटी एका स्किनच्या मॅडमनी मायकोबॅक्टेरियाचं (टीबीच्या कुळातल्या जंतूंचं) वेगळं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी, लिहून दिलं तेव्हा कुठे मायकोबॅक्टेरियम चेलोनी हा जंतू निघाला.

हा टीबीचा चुलतभाऊ, पण राहतो नळाच्या पाण्यात, क्लोरीनला दाद देत नाही, त्यामुळे औजारं ग्लुटराल्डिहाइडमध्ये (जंतुनाशक द्रवात) बुडवून नंतर नळाखाली विसळली की सगळी मेहनत पाण्यात (शब्दशः). साधं कल्चर दोन दिवसांत गुंडाळतात आणि याला वाढायला आठवडाभर तरी द्यावा लागतो, तोही साधारण 30 डिग्रीला, म्हणून लॅबला आधी सांगायला लागतं. टीबीची नेहमीची औषधं याच्यावर चालत नाहीत, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधं कित्येक महिने घ्यावी लागतात. लेखात ग्लोव्ह्ज आणि ड्रेसिंगवर एवढं लिहिलंय, पाण्याबद्दल एक ओळ नाही. छोट्या क्लिनिकमध्ये ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने औजारं निर्जंतुक करायचं यंत्र) आहे का, हे पेशंटने बिनधास्त विचारावं, डॉक्टर चिडले तर चिडू देत.