खपलीत ग्लुटेन नसते, हे खरे नाही
बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सध्या एक संदेश घरोघरी फिरतो आहे. ग्लुटेन हे गव्हातले चिवट प्रथिन हरितक्रांतीच्या शास्त्रज्ञांनी गव्हात घातले, रानटी गव्हात आणि आपल्या जुन्या खपली गव्हात ते नव्हतेच, म्हणून ग्लुटेन न सोसणाऱ्यांनी खपली निर्धास्त खावी, असे त्यात म्हटले आहे. माझ्या भाचीला ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा सिलिअ‍ॅक आजार आहे आणि जत्रेतली हुग्गी, म्हणजे खपलीची खीर, तिला याच भरवशावर वाढली गेली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कणीक पाण्यात धुतल्यावर उरणाऱ्या चिवट गोळ्याचे, म्हणजे ग्लुटेनचे, इटलीतील बेक्कारी यांनी केलेले वर्णन १७४५ साली छापले गेले, तर हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हाचे मेक्सिकन बियाणे भारतात आले १९६० च्या दशकात. शिवाय बुटकेपणा देणारी जनुके चौथ्या गटातील गुणसूत्रांवर असतात आणि ग्लुटेनची मुख्य जनुके पहिल्या व सहाव्या गटात, म्हणजे बुटकेपणासोबत ग्लुटेन आले असे नाही. जनुकबदल केलेल्या गव्हाची तर भारतात व्यापारी लागवडच होत नाही.

रानटी गव्हाविषयीचे विधान वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. पोळीच्या गव्हात तीन पूर्वजांचे गुणसूत्रसंच एकत्र आले आहेत: ए संच उरार्टू या रानटी गव्हाचा, बी संच स्पेल्टॉइडिस गवताच्या जवळच्या नातलगाचा आणि डी संच टाउशी गवताचा. या तिघांनीही आपापली ग्लुटेनची जनुके सोबत आणली. ए संचावरील ग्लुटेनिनचे, म्हणजे ग्लुटेनमधील एका प्रथिनाचे, एक जनुक पोळीच्या गव्हात बहुधा निष्क्रिय झालेले असते, पण उरार्टूत आणि रानटी खपलीच्या काही वाणांत ते आजही काम करते. म्हणजे रानात जे चालू होते, तेच शेतात येता येता बंद पडले.

खपलीच्या बाबतीत मात्र या दाव्यात थोडे तथ्य आहे आणि ते नाकारणे योग्य होणार नाही. खपलीत केवळ ए आणि बी हे संच असतात. ग्लायाडिन या ग्लुटेनमधील दुसऱ्या प्रथिनातील ३३ अमिनो आम्लांचा जो तुकडा पचत नाही आणि सिलिअ‍ॅक रुग्णांत तीव्र प्रतिक्रिया उठवतो, तो डी संचातून येतो, त्यामुळे खपलीत तो सापडत नाही. खपलीचे ग्लुटेनही सहसा कमी ताणले जाते. परंतु ए संचाच्या ग्लायाडिनमध्ये त्रास देणारे इतर तुकडे आहेतच आणि आतड्याला इजा करण्यास ते पुरेसे ठरतात. निरोगी माणसाने खपलीची खीर आनंदाने खावी, सिलिअ‍ॅक रुग्णाने ती चाखूही नये.

आजाराची शंका असल्यास गहू बंद करण्याआधीच रक्ततपासणी करून घ्यावी, कारण तो सोडल्यावर तपासणी फसवी येऊ शकते. निदान झाल्यावर जोंधळा, नाचणी, तांदूळ चालतात, सातू (जव) मात्र चालत नाही. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ जोंधळा टाकला, तर भाकरीच्या पिठातही गहू उतरतो. भाचीचे पीठ आम्ही आता वेगळ्या घरघंटीवर दळतो आणि तिच्यात गव्हाचा दाणाही पडू देत नाही.