आरती म्हणतात, मग पाणी का मागत नाहीत?

पक्षाघातानंतर बोलणं गेलेल्या माणसाच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. गणपतीची आरती सबंध येते, आकडे घडाघडा येतात, आणि पाणी मागताना तोंडातून शब्द फुटत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "मुद्दाम करतायत." कृपा करून असं म्हणू नका. पाठ झालेलं आपसूक येतं. मनातल्या गोष्टीसाठी दर वेळी नवा शब्द शोधावा लागतो, आणि नेमकं तेच अडतं. हा वाचाघात, म्हणजे अफेजिया. बहुतेकांचं भाषेचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, आणि शरीराची उजवी बाजूही तीच सांभाळते, म्हणून उजवा हात-पाय लुळा पडतो तेव्हा बरेचदा बोलणंही जातं.

१८६१ साली पॅरिसमध्ये डॉक्टर पॉल ब्रोका यांनी तपासलेला रुग्ण जवळजवळ 'टॅन' एवढंच बोलू शके, पण त्याला समजत पुष्कळ होतं. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रोका प्रकारच्या वाचाघातात मराठीतले प्रत्यय आणि क्रियापदांची रूपं गळतात: 'मला डॉक्टरांकडे जायचंय'चं 'डॉक्टर... जा... मी' होतं. वेर्निके या दुसऱ्या डॉक्टरांच्या नावाच्या प्रकारात उलट. बोलणं सलग, सूर नेहमीचा, पण शब्द भलतेच, आणि ऐकलेलंही नीट उमगत नाही. अशांना घरचे भ्रमिष्ट ठरवून मोकळे होतात, याचं फार वाईट वाटतं.

घरात सर्वात जास्त घोळ 'हो' आणि 'नाही'चा होतो. मनात नाही असतं, तोंडातून हो निघतं. म्हणून आधी चमचा दाखवून विचारा, "हा चमचा आहे का?" मग "ही वाटी आहे का?" उत्तरं चुकत असतील तर तोंडी होकारावर विसंबू नका. चहा आणि दूध दोन्ही समोर ठेवा, बोट दाखवू द्या. टीव्ही बंद करा. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला, मुख्य शब्द कागदावर ठळक लिहा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. ही थांबण्याची गोष्टच लोकांना जमत नाही. मोठ्याने ओरडून उपयोग नाही, कान बिघडलेले नाहीत. "म्हण, पा-णी" अशी चारचौघांत परीक्षा तर घेऊच नका.

प्रकृती स्थिर झाली की लगेच वाचा-उपचारतज्ज्ञांना गाठा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण पुढेही ती होत राहते. वाचाघात कायमचा राहिला तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याची नोंद आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. तो अर्जही त्यांच्यासमोर बसून, त्यांना विचारत भरा.