गाठ दिसली की चोळायचीच असते का?

"पोटरीत गाठ झालीय ताई, जरा जोर लावून मोडून द्या. दुखलं तरी चालेल."

मसाजचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य पाठ असतं. आपल्याकडे मालिश म्हणजे माणूस ओरडला पाहिजे, नाहीतर पैसे वसूल झाले नाहीत! माझं म्हणणं उलट आहे. पायात दुखरी गाठ घेऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तेलाचा थेंबही न लावता डॉक्टरकडे पाठवायला हवं, आणि हे पाठवणं आमच्या कामातच धरलं पाहिजे.

जे आमचं आहे ते आधी सांगते. दिवसभर उभं राहून, जिने चढून, नाहीतर रात्री वांब येऊन पोटरीत जो गोळा बसतो, तो स्नायूचा. अंगठ्याने हळूहळू दाब दिला, पाऊल वर वळवून ताण दिला, थोडं शेकलं, की सैल होतो. त्याला मारामारी लागत नाही. चरबीची गाठ मात्र वेगळी. ती मऊ असते, बोटाने ढकलली की कातडीखाली सटकते आणि बहुतेकदा दुखत नाही. कुठल्याही तेलाने ती विरघळत नाही, मग कुणी काहीही सांगो. ती वाढत असेल, कडक लागत असेल, दुखत असेल किंवा पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, तर सर्जनला दाखवा, आम्हाला नको. नडगीवर लाल, गरम, हात लावू न देणारे गोळे उठले असतील तरी तेच. आपल्या देशात त्यामागे टीबीसुद्धा निघतो, घशाचा संसर्ग निघतो, एखादं औषध निघतं.

मुक्या माराचं तर विचारूच नका. कबड्डीत मांडीवर गुडघा बसतो, आत रक्त साकळतं, टणक फुगवटा येतो आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तो रगडायला घेतो. ताज्या मारावर जोराने चोळलं तर स्नायूच्या आत हाड धरू शकतं. होय, खरंखुरं हाड, एक्स-रेमध्ये दिसणारं. मग गुडघा पूर्ण वाकेना म्हणून पोरगं कित्येक महिने मैदानाबाहेर.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बाळंतिणीच्या पायाची.

बाळंतपणात रक्त जाऊन बाईच्या जिवावर बेतू नये म्हणून गरोदरपणातच रक्त गोठण्याची ताकद वाढलेली असते. ही वाढ बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे टिकते. म्हणजे बरोबर आपला सव्वा महिना! त्यात सिझेरियन झालेलं असेल, बाई पलंगावर पडून असेल, तर पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका आणखी वाढतो. आणि नेमक्या याच दिवसांत रोज सकाळी मालिशवाल्या बाई येऊन पाय वरपासून खालपर्यंत रगडून काढतात. शिरेतली गुठळी सुटली तर ती थेट फुप्फुसात जाऊन अडकते. अचानक दम लागतो, छातीत दुखतं, आणि मग हातात फार वेळ नसतो.

मी बाळंतिणीच्या मालिशीच्या विरोधात नाही. त्या तासाभरात तिला कुणीतरी मायेने हात लावतं, एरवी सगळं घर बाळाभोवती. फक्त तेल लावण्याआधी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही सुजले असतील तर गोष्ट वेगळी, पण एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, पोटरी दाबली की कळ जातेय, असं असेल तर थांबा. माझ्याकडे शिंप्याची टेप असते. गुडघ्याच्या वाटीखाली पुढे जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या चार बोटं खाली मोजायचं. (डॉक्टर लोक दहा सेंटीमीटर खाली मोजतात, तसं केलंत तर उत्तमच.) दोन पोटऱ्यांमध्ये तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर डॉक्टरही तो गांभीर्याने घेतात. पण फरक कमी आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. डॉपलर सोनोग्राफीत, म्हणजे शिरेतून रक्त कसं वाहतंय ते दाखवणाऱ्या तपासणीत, काय ते कळतं. पायाचं प्लास्टर नुकतंच निघालेले, ऑपरेशन झालेले, लांबचा प्रवास करून आलेले यांनाही हेच लागू.

आता एक गट असा आहे, ज्यांना खरंच मसाजचा उपयोग होतो आणि नेमका त्यांनाच चुकीचा मसाज मिळतो. लिपोएडिमा, म्हणजे पायांत चरबी साचत जाण्याचा आजार. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1940 साली याचं वर्णन केलं, तरी आपल्याकडे फारसं कुणी नाव घेत नाही. जवळजवळ फक्त बायकांना होतो. मांड्या, पोटऱ्या दोन्हीकडे सारख्या जाड होत जातात, पण घोट्यापाशी सगळं एकदम थांबतं. पैंजण बसतं तिथे वळी पडते, आणि चपलेचा नंबर मात्र लग्नाच्या वेळचाच. (हत्तीपायात पाऊलही सुजतं, इथे नाही.) कातडीखाली बोट फिरवलं तर साबुदाण्यासारखे दाणे लागतात, ते दुखतात, आणि जरा दाबलं की काळंनिळं पडतं. अशा बाईला घरचे म्हणतात, "भात सोड." ती सोडते. चेहरा उतरतो, कंबर उतरते, पाय तसेच.

तिच्या पायावर 'डीप टिश्यू', म्हणजे खोलवर जोर लावून केलेला मसाज, हा निव्वळ छळ. इथे लागतो तो अगदी हलका हात, कातडी नुसती सरकवणारा. एमिल आणि एस्ट्रिड वोडर या डॅनिश जोडप्याने 1930च्या दशकात फ्रान्समध्ये ही लसिका (लिम्फ, म्हणजे अंगात साचणारं पाण्यासारखं द्रव) निचऱ्याची पद्धत बसवली. त्याने दाणे जात नाहीत, पण जडपणा आणि दुखणं कमी होतं, जोडीला दाबाचे मोजे आणि चालणं असेल तर जास्त. पहिल्यांदा हा मसाज घेणारीला वाटतं, ही बाई काही करतच नाहीये.

आणि अडचण इथेच आहे. घरी येऊन मसाज देणाऱ्या मुलींना तासाचा स्लॉट असतो, वर स्टार मिळतात. "तुमच्या पायाला मी आज हात लावणार नाही" म्हणणाऱ्या मुलीला कोण पाच स्टार देणार? झटपट कोर्समध्ये हात कसा फिरवायचा ते शिकवतात, कधी थांबवायचा ते एका तासात उरकतात. मग ती बिचारी जोर लावते.

म्हणून घरच्यांना सांगते. बाळंतिणीच्या मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, की "आज हा पाय मला बरा दिसत नाही, आधी दवाखान्यात दाखवा," तर त्यांना त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या. नाहीतर पुढच्या घरी त्या काही न बोलता चोळून मोकळ्या होतील.