समुद्रातली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर का नाहीत? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर, कमेंटच्या चौकटीत मावेना म्हणून इथे वेगळं लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की समुद्री जीवांपासून सूज कमी करणारी द्रव्यं मिळतात हा माझा लेख म्हणजे सप्लिमेंटवाल्यांची फुकटची जाहिरात, तसं खरंच असतं तर संधिवाताच्या डॉक्टरांनी एक तरी लिहून दिलं असतं, आणि वहिनींनी संधिवातासाठी वर्षभर रोज एक फिश ऑइलची कॅप्सूल घेतली तरी फरक शून्य.

डॉक्टर लिहून देत नाहीत हे अगदी बरोबर. पण त्यावरून द्रव्यच खोटं असं कसं म्हणता? मॅनोअलाइडचंच घ्या. पॅसिफिकमधल्या पलाऊच्या समुद्रातल्या स्पंज नावाच्या एका जीवात ते सापडलं, १९८० साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. आपल्या पेशींच्या आवरणातली चरबी तोडून ॲराकिडोनिक ॲसिड सोडणारं एक एन्झाइम असतं, फॉस्फोलायपेज ए२, आणि त्या ॲसिडपासून पुढे सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन्स तयार होतात. ब्रुफेन अडवतं ती याच्या पुढची पायरी, मॅनोअलाइड त्याच्याही आधी या एन्झाइमलाच कायमचं चिकटून बसतं. इतकं चांगलं काम करत होतं की सोरायसिसवर लावायचं औषध म्हणून माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, आणि तिथे अडलं कशावर तर ते कातडीतून पुरेसं आत उतरेना! संपलं, औषध झालंच नाही. पण ते एन्झाइम कसं चालतं हे समजून घ्यायला लॅबमध्ये वर्षानुवर्षं हेच वापरलं गेलं. माझ्या लेखी हे फुकट गेलेलं संशोधन नाही, तुम्ही खुशाल वेगळं म्हणा.

उलट उदाहरण स्यूडोप्टेरोसिनचं. बहामाजच्या समुद्रातल्या चाबकासारख्या लांब फांद्यांच्या प्रवाळातून अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या विल्यम फेनिकल यांच्या टीमने ते काढलं, ते औषधाच्या दुकानात न जाता एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या क्रीममध्ये गेलं. (सूज कमी करणारं द्रव्य आधी सुरकुत्यांच्या कामाला लागलं, बाजार हा असाच असतो.) तुम्ही समुद्राची लूट म्हणालात ना, तर तिथे अख्खं झाड उपटत नाहीत, फांद्या छाटतात आणि त्या परत वाढतात. समुद्री काकडीच्या बाबतीत मात्र तुमचा राग शंभर टक्के योग्य आहे, आपल्याकडे ती वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि तरी तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून तिची तस्करी चालूच असते.

आता फिश ऑइल. घरात बाटली असेल तर फिरवून मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम असतं ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात साध्या कॅप्सूलला ईपीए १८० आणि डीएचए १२० असं असतं (ही तेलातली ओमेगा-३ फॅटी ॲसिड्स), म्हणजे कामाचा ऐवज ३०० मिलिग्रॅम. संधिवाताच्या ज्या चाचण्यांमध्ये सकाळचा आखडलेपणा आणि पेनकिलरची गरज कमी झालेली दिसली तिथे ईपीए आणि डीएचए मिळून रोज ३ ग्रॅमच्या आसपास दिलं होतं, तेही निदान तीन महिने. हिशोब तुम्हीच करा, दहा कॅप्सूल होतात. एकीने फरक पडला नाही यात नवल काय? आणि याला मी जाहिरात म्हणणार नाही, दुकानदार तुम्हाला हे कधी सांगेल का?

शिनाण्यांच्या, म्हणजे एका जातीच्या शिंपल्यांच्या, गोळ्यांबद्दलही विचारलंत. न्यूझीलंडच्या हिरव्या कडेच्या शिंपल्यावर १९७० च्या दशकापासून चाचण्या चालल्यात, काहींमध्ये फरक दिसला काहींमध्ये काहीच नाही. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने कोकणात खातात त्याच हिरव्या शिनाण्यांपासून कॅडलमिन नावाचा अर्क काढलाय. पण म्हणून रविवारी शिनाणे सुकं खाऊन गुडघे बरे होतील असं समजू नका, अर्क आणि कालवण यात फरक आहे. शार्कच्या कूर्चेच्या गोळ्यांवर तर पैसे घालवूच नका.

शेवटचं म्हणजे वहिनींची मेथोट्रेक्सेट ही संधिवातावरची गोळी बंद करून फक्त तेल सुरू करावं का. नाही, अजिबात नाही. सांध्यांची झीज रोखायचं काम त्या गोळीचं आहे, तेलाचं नाही. डोस वाढवायचाच असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर. आणि शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर त्या अर्काचं नावच काढू नका.