बोटाचं काय घेऊन बसलात!

अभिनंदन! भोसरीच्या कारखान्यात पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनखाली एका पोराचं बोट चेचलं आणि चौकशी समितीत तुमचं नाव लागलं. घाबरू नका. दोषी कोण ते आधीच ठरलेलं असतं. तुम्ही गुरुवारच्या सुट्टीच्या आत कागद पुरे करायचे.

जागेवर लगेच धावू नका. फरशी पुसून होऊ द्या, काढून कोपऱ्यात टाकलेला मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं कव्हर, परत बसू द्या, मग निवांत फोटो काढा. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बाहेर गुंतले तरच स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा दणका, खाली यावा, ही त्यामागची योजना. त्यातल्या एका बटणावर वॉशर ठेवून चिकटपट्टी मारलेली दिसेल. तिला हात लावू नका, शिफ्टचं टार्गेट तिच्यावरच निघतं. आणि ती कुणी मारली हेही विचारू नका. कुणीतरी खरं सांगून बसतं, आणि ज्यांचं नाव निघतं ते साहेब नेमके समितीचे अध्यक्ष असतात.

टोयोटावाल्यांनी पाच वेळा 'का' विचारायची पद्धत रूढ केली. आपण पहिल्यावरच थांबावं. बोट का चेचलं? हात आत घातला म्हणून. झालं! दुसऱ्या 'का'ला डायमध्ये, म्हणजे साच्यात, पीस अडकत होता हे निघतं, तिसऱ्याला मेन्टेनन्स कधीपासून पुढे ढकललंय हे, चौथ्याला कंत्राटदाराने पोराला आदल्याच दिवशी आणून उभं केलं होतं हे. पाचवा 'का' पुण्यात कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

आता कायद्याचं. पूर्वी कारखाने अधिनियम, 1948 चं कलम 88 होतं, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 आली. नियम तोच: जखमी माणूस 48 तास किंवा जास्त काळ काम करू शकला नाही, तर सरकारला कळवावं लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षाने आणा, एचआरच्या एसीत बसवा, चहा-क्रीमरोल द्या, हजेरी लावा. हेही कामच की! गेटवरच्या 'अपघातविरहित दिवस' फलकावरचा आकडा मग बिनधास्त वाढतो आणि 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, त्याच्यापुढे शपथ घेता येते. त्या पोराला तेवढं मागच्या रांगेत ठेवा. शपथेला हात पुढे करावा लागतो, फोटोत पट्टी दिसते.

राहिला प्रतिबंध. हात आत जाताच प्रेस थांबवणारा लाइट कर्टन मिळतो, पण त्याला पैसे पडतात. 'ऑपरेटरला समज दिली' हे फुकटात होतं. फारच वाटलं तर खंडेनवमीला त्या प्रेसला जरा जाड हार घाला.

इतकं करूनही पुन्हा घडलंच, तर नवा अहवाल लिहीत बसू नका. जुनी फाइल उघडून नाव आणि तारीख बदला. हात मात्र नीट बघून लिहा, गेल्या वेळी डावा होता.